बाटलीतला गवती चहा: सुगंधी तेलं घरात वापरताना

आमच्या साताऱ्यात गवती चहाचा एखादा ठोंब नाही असं अंगण सापडणं कठीण. पावसाची झड लागली की दोन पाती खुडायची, गाठ मारायची आणि आल्याबरोबर चहाच्या आधणात सोडायची, एवढी ही रोजची गोष्ट. त्यामुळे त्याच गवती चहाच्या तेलाची छोटी बाटली पहिल्यांदा घरात आली तेव्हा मला तिची अजिबात भीती वाटली नाही. बाटलीवर ‘अंघोळीच्या पाण्यात काही थेंब’ असं लिहिलं होतं. मी बादलीत आठ-दहा थेंब टाकले. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. पहिल्याच तांब्याबरोबर ते जसंच्या तसं पोटावर आणि मांडीवर आलं. दहा मिनिटांत कातडी लाल झाली, रात्रभर आग होत राहिली आणि डाग जायला पंधरा दिवस लागले.

त्यानंतर मी ही तेलं नीट शिकून घेतली. आज घरात सहा बाटल्या आहेत, वर्षभर वापरात असतात आणि त्यांचा खरोखर आनंद आहे. पण एखादी मैत्रीण विचारायला आली की सुरुवात मी नेहमी थेंबाच्या हिशोबापासूनच करते.

एका थेंबात किती गवत असतं

यातली बहुतेक तेलं घाण्यावर निघत नाहीत. मोठ्या टाकीत पाला भरतात, खालून वाफ सोडतात. वाफ पाल्यातला सुगंधी अंश सोबत घेऊन वर जाते, थंड नळीतून जाताना तिचं पुन्हा पाणी होतं आणि त्या पाण्यावर तेलाचा पातळ थर जमतो. गवती चहाचं एक लिटर तेल काढायला साधारण दोनशे किलो पाती लागतात. एका मिलीलिटरमध्ये सुमारे २० थेंब बसतात. म्हणजे लिटरमध्ये वीस हजार थेंब, आणि एका थेंबामागे जवळजवळ दहा ग्रॅम पाती. माझ्या बादलीतल्या दहा थेंबांत शंभर ग्रॅम पात्यांचा अर्क होता. तोही पाण्यात उतरलेला नव्हे, शुद्ध.

गुलाबाचं गणित तर याहून कितीतरी पुढचं. किलोभर तेलासाठी तीन-चार हजार किलो फुलं लागतात. म्हणून दीड-दोनशे रुपयांना ‘शुद्ध गुलाब तेल’ मिळत असेल तर त्यात गुलाब नाही, हे दुकानातच ओळखता येतं.

बाटली विकत घेताना

सुरुवातीला चार पुरेत: गवती चहा, निलगिरी, लव्हेंडर आणि वाळा. यातला लव्हेंडर आपल्या मातीतला नाही, पण त्वचेला सगळ्यांत सौम्य तेलांपैकी एक आहे म्हणून ठेवायचा. बाकीचे वास घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. वास नवा वाटला की घरातली वयस्कर माणसं नाक मुरडतात आणि बाटली कपाटात पडून राहते, हा माझा अनुभव. चंदनाच्या मोहात पडू नका. ते महाग असल्यामुळे त्यात भेसळही फार होते.

लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव असलंच पाहिजे. ‘निलगिरी’ नावाखाली दोन वेगळ्या झाडांची तेलं मिळतात. सर्दीला आपण वापरतो ते युकॅलिप्टस ग्लोब्युलस. लिंबासारखा वास येणारी युकॅलिप्टस सिट्रिओडोरा ही दुसरीच जात. पुदिन्याचंही तसंच. पेपरमिंट वेगळा आणि उत्तर प्रदेशात मोठ्या प्रमाणावर पिकणारा मेंथा आर्वेन्सिस वेगळा, त्यात गारवा देणारं मेंथॉल जास्त. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ असं लिहिलेलं असेल तर ते अगरबत्ती-साबणासाठी बनवलेलं अत्तर समजा, अंगाला लावायचं नाही. बाटली गडद काचेची हवी, बॅच नंबर हवा आणि तोंडाला थेंब-थेंब पाडणारी टोपी हवी. उघड्या तोंडाची बाटली घेऊच नका, एका झटक्यात दोन मिलीलिटर बाहेर येतं.

घरी आणल्यावर साध्या पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. निलगिरी किंवा गवती चहा असेल तर सकाळी तेलकट डाग दिसायला नको. पारदर्शक डाग उरला तर त्यात दुसरं कुठलं तरी जड तेल मिसळलेलं आहे. वाळा आणि चंदन मुळातच जड, त्यांना ही परीक्षा लागू नाही.

जाता जाता एक गोष्ट. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेनं गवती चहाचे जे वाण काढले त्यातल्या एकाचं नाव ‘कृष्णा’ आहे. कृष्णाकाठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते वाचून उगीच बरं वाटतं.

मिसळण्याचं माप

अंगाला लावायचं तेल नेहमी साध्या तेलात मिसळूनच लावायचं. खोबरेल, तिळाचं, बदामाचं, घाण्यावरचं करडईचं, कुठलंही चालतं. मापासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा छोटा प्लास्टिकचा पेला असतो ना, रेघा आखलेला, तोच धुऊन वापरा.

त्या पेल्यात १५ मिली साधं तेल घेतलं की त्यात ३ थेंब, म्हणजे एक टक्का. मोठ्या निरोगी माणसाला रोज लावायला हे पुरे. वयस्कर माणसांना आणि सहा वर्षांवरच्या मुलांना याच्या निम्मं, ३० मिलीत ३ थेंब. गवती चहा तिखट असतो, त्याचे १५ मिलीत दोनच्या वर थेंब नकोत. लवंगेच्या तेलाचा तर एकच. दालचिनीच्या सालीचं तेल घरी अंगाला लावायचंच नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला यातलं काहीही नको. बाळाला साधं खोबरेल उत्तम. गरोदरपणात पहिले तीन महिने पूर्ण बंद, पुढे डॉक्टरांना विचारून.

आता चाचणी, जी सगळे टाळतात. मिसळलेल्या तेलाचा एक ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि एक दिवस तिथे पाणी लागू देऊ नका. खाज, लाली, पुरळ काहीच आलं नाही तरच पुढे जायचं. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी वासही आधी जपून, उघड्या खिडकीजवळ घेऊन बघावा. आमच्याकडे गळीत हंगामात कारखान्यांचा आणि गुऱ्हाळांचा धूर असतोच. त्या दिवसांत दम्याच्या माणसाच्या खोलीत आणखी तीव्र वासाची भर घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळा

महाबळेश्वर-पाटणकडे चार महिने धो धो, साताऱ्यात रिपरिप, आणि माण-खटाव-जतकडे ढग नुसते वरून जातात. त्यामुळे एकच कृती सगळीकडे लागू पडत नाही. हे पुढचं पश्चिमेकडच्या ओल्या घरांसाठी.

कपाटातला कुबट वास: सुती कापडाची छोटी पुरचुंडी करायची, आत वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि वाळ्याच्या मुळ्यांचे तुकडे भरायचे, वर गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब. पुरचुंडी कपड्यांना थेट टेकू द्यायची नाही, रेशमावर डाग पडतो. दर पंधरा दिवसांनी पुन्हा दोन थेंब. बुरशी मात्र वासानं जात नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी टाका.

डास: १०० मिली खोबरेलात गवती चहाचे १० आणि सिट्रोनेलाचे (हे गवती चहाच्याच जातीचं एक गवत) १० थेंब. हातापायांना लावलं की तासभर डास दूर राहतात, मग पुन्हा लावावं लागतं. संध्याकाळी ओट्यावर बसायला हे छान. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर ओसरल्यावर ज्यांनी गाळ आणि डास बघितलेत, त्यांना मी ‘हे तेल लावा, डेंग्यू होणार नाही’ असं कधीच सांगणार नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्याला आठवड्याचा कोरडा दिवस, झाकलेली पिंपं आणि मच्छरदाणी हेच उपाय.

सर्दी: रुमालावर निलगिरीचा एक थेंब टाकून अधूनमधून हुंगायचा. वाफारा घ्यायचा असेल तर पातेलं जमिनीवर स्थिर ठेवा, गॅसवरून उतरवल्यावर दोन मिनिटं थांबा, मग एकच थेंब टाका, डोळे मिटा आणि पाच मिनिटांत उठा. लहान मुलांना वाफारा नको. पातेलं कलंडून भाजण्याची भीती खरी असते. दहा वर्षांखालच्या मुलांच्या नाकातोंडाजवळ निलगिरी, पुदिना आणि कापूरही नको.

पुदिन्यानं नाक ‘उघडतं’ असं सगळ्यांना वाटतं. मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना जागं करतं, त्यामुळे हवा जास्त येतेय असं जाणवतं. सूज तेवढीच असते. या जाणिवेनंही रात्रीची झोप लागते, म्हणून मी ती वापरते. पण ताप तीन दिवसांच्या वर गेला, श्वास लागला, तर बाटली बाजूला ठेवून दवाखाना.

दिवाळी आणि थंडी

पाऊस गेला की ऑक्टोबरचं ऊन तापतं. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत पावसाळ्यात वाताचा, शरदात पित्ताचा आणि वसंतात कफाचा प्रकोप सांगितलाय. एक ऋतू संपतानाचे सात दिवस आणि दुसरा लागतानाचे सात, या पंधरवड्याला ऋतुसंधी म्हणतात. जुन्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि नव्या हळूहळू लावायच्या, असा त्याचा अर्थ. मला तेलांच्या बाबतीतही हे फार पटतं. पावसाळ्यातले तिखट, उग्र वास मी घटस्थापनेच्या सुमारास आवरायला घेते, आणि दिवाळीपर्यंत घरात लव्हेंडर, वाळा असे शांत वास येतात. ऋतुचर्येचा खरा भर आहार, झोप आणि व्यायामावर आहे. ते सोडून नुसती बाटली बदलली तर फक्त खोलीचा वास बदलेल.

दिवाळीचं अभ्यंग ही आपल्याकडची सुगंधी तेलाची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत शहाणी पद्धत. माझी कृती अशी. १०० मिली तिळाचं तेल, घाण्यावरचं मिळालं तर उत्तम. त्यात लव्हेंडरचे १०, संत्र्याचे ६ आणि वाळ्याचे ४ थेंब, एकूण २०, म्हणजे एक टक्का. काचेच्या बाटलीत मिसळून वसुबारसेला ठेवून द्यायचं, नरक चतुर्दशीपर्यंत वास एकजीव होतो. वाळा सुरुवातीला ओल्या मातीसारखा उग्र लागतो आणि नवीन माणूस म्हणतो की बिघडलं. बिघडलेलं नसतं. दोन दिवसांनी तोच वास खाली बसतो आणि संत्रं वर येतं.

पहाटे वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचं. सासूबाई आधी माझ्या तळहातावर दोन थेंब घालून बघतात, मग टाळू, खांदे, पाठ, शेवटी तळपाय. चेहऱ्याला मात्र साधं तिळाचंच. अर्धा तास मुरू द्यायचं, मग उटणं. न्हाणीघराची फरशी त्या दिवशी फार निसरडी होते, वयस्कर माणसांसाठी आधीच पायपुसणं आणि स्टूल ठेवा.

उरलेलं तेल थंडीभर टाचांच्या भेगांना चालतं. रात्री पाय धुऊन, पुसून, लावून वर सुती मोजे. भेगेतून रक्त येत असेल तर सुगंधी काही नको, नुसतं खोबरेल किंवा कोकमतेल. झोपेसाठी उशीच्या कोपऱ्यावर लव्हेंडरचा एक थेंब. डिफ्युझर, म्हणजे पाण्याबरोबर वास हवेत पसरवणारं छोटं यंत्र, असेल तर १०० मिली पाण्यात तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली ठेवून, आणि झोपण्याआधी बंद. रात्रभर चालू ठेवलेल्या डिफ्युझरनं डोकं जड होतं. घरात मांजर असेल तर डिफ्युझर नकोच. मांजराच्या यकृताला हे घटक नीट पचवता येत नाहीत, आणि टी ट्री नावाच्या झाडाचं तेल (आपल्या चहाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही) तर मांजराला विषासारखंच.

दवण्यापासून वळवापर्यंत

चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात. यात्रेहून परतलेल्या माणसाच्या पिशवीत दवण्याची जुडी नाही असं होत नाही. दवण्याचंही तेल निघतं, पण ते महाग आणि मुख्यतः अत्तरवाल्यांच्या कामाचं. घरासाठी जुडीच बरी. सावलीत वाळवून कपड्यांत ठेवली की पुढचा चैत्र येईपर्यंत वास पुरतो. तेलाची हौस असली तरी जिथे पान पुरतं तिथे पानच वापरावं, हे मी दवण्यावरून शिकले.

माठाचंही तसंच. शेजारच्या काकू एकदा बाटली हातात घेऊन म्हणाल्या, “अगं, माठात वाळ्याची जुडी टाकतोच की आपण, मग याचा एक थेंब टाकला तर काय होईल?” मी त्यांच्या हातून बाटली काढूनच घेतली. “काकू, जुडी ती जुडी. हे पोटात जायचं नाही.” ते मी इथेही तितक्याच ठामपणे लिहिते: सुगंधी तेल चहात, सरबतात, माठात, मधात टाकायचं नाही. पेपरमिंटच्या काही कॅप्सूल डॉक्टर पोटाच्या तक्रारीवर देतात. पण ते मापून बनवलेलं औषध आहे, आपली बाटली नव्हे.

उन्हाळ्यात दुपारी बाहेरून आल्यावर पाय गार पाण्यानं धुऊन, एक मोठा चमचा खोबरेलात पेपरमिंटचे दोन थेंब घालून तळपायाला चोळले तर फार आराम वाटतो. द्राक्षबागेत किंवा उसात काम करणाऱ्यांनी लिंबाचं आणि बर्गमॉटचं (हेही लिंबाच्याच जातीचं फळ) तेल अंगाला लावून उन्हात जाऊ नये. साल दाबून काढलेल्या या तेलांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी काळी पडते, आणि हा परिणाम लावल्यापासून बारा ते अठरा तास टिकतो.

ठेवायचं कुठे, आणि अंगावर उलटलं तर

गॅसच्या ओट्यावर नको, देवघरात समईजवळ नको. ही तेलं पेट घेतात. झाकण घट्ट, जागा गार आणि अंधारी, मुलांच्या हाताला न लागणारी. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख पट्टी चिकटवून लिहा. संत्रं-लिंबू वर्षभर, निलगिरी आणि गवती चहा दोन वर्षं. वाळा आणि चंदन जुने होतील तसे चांगले होतात. हवेनं जुनं झालेलं तेल त्वचेला जास्त त्रास देतं, म्हणून मुदत संपलेलं अंगाला लावू नका. तेलही गटारात ओतू नका. भुश्शात मुरवून घंटागाडीत द्या.

कातडीची आग झाली तर साबण आणि भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. मुलानं प्यायलं तर उलटी करवू नका, तेल फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. निलगिरी आणि कापराच्या तेलाचा एखादा चमचाही लहान मुलाला झटके आणू शकतो.

घरचं अर्कजल

तेल घरी काढता येत नाही, पण सुगंधी पाणी येतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात चेहऱ्यावर मारायला त्यासारखं काही नाही.

रुंद, खोल पातेलं घ्या. मधोमध उलटी वाटी ठेवा, तिच्यावर काचेचा किंवा स्टीलचा रिकामा वाडगा. वाटीच्या भोवती गवती चहाची कापलेली पाती किंवा देशी गुलाबाच्या पाकळ्या भरा, आणि त्या जेमतेम बुडतील इतकं पाणी घाला. पाणी वाडग्याच्या काठाखालीच राहिलं पाहिजे. वर झाकण उलटं ठेवा, मूठ आत आणि खाली, नेमकी वाडग्यावर येईल अशी. झाकणाच्या खोलगट बाजूत बर्फ भरा. गॅस मंद. वाफ गार झाकणाला लागते, तिचे थेंब होतात, घसरत मुठीपर्यंत येतात आणि वाडग्यात टप्‌ टप्‌ पडायला लागतात. झाकण काचेचं असेल तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. आमची लेक त्यासमोरून हलत नाही. बर्फ वितळला की पाणी फडक्यानं टिपून पुन्हा भरायचा. वीस-पंचवीस मिनिटांत वाडग्यात कपभर पाणी जमतं. जास्त वेळ ठेवलं तर शिजल्यासारखा वास उतरतो, म्हणून लोभ नको.

उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरा आणि फ्रिजच्या दारात ठेवा. दोन आठवडे टिकतं. गढूळ दिसलं किंवा वास आंबला तर टाकून द्या. उरलेला पाला निवला की थेट गवती चहाच्या ठोंबाच्या बुडाशी घाला.